ब्युटिरेट : 'वापर' की 'उपयोग'?

ब्युटिरिक आम्ल हे चार कार्बनचे मेदाम्ल. लोणी खवट झाले की जो वास सुटतो तो त्याचाच. प्रयोगशाळेत त्याचा सोडियम क्षार वापरतात. हिस्टोन प्रथिनांवरील ॲसिटिल गट काढणाऱ्या विकरांना हा क्षार रोखतो आणि मिटलेली काही जनुके उघडतात. हिस्टोनवरील हा परिणाम १९७७ पासून ज्ञात आहे. के-५६२ पेशींत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवून पाहण्यासाठीही तो घेतात.

मराठी विज्ञानलेखन घसरते ते येथे. 'सिकलसेलमध्ये ब्युटिरेटचा उपयोग' असे शीर्षक वाचून वाचक 'गुण येतो' असे समजतो. उर्दूत 'इस्तेमाल' वेगळा, 'फायदा' वेगळा. मराठीतही 'वापर' हा शब्द आहेच, पण तो लेखकांना बहुधा साधा वाटतो. रुग्णांना अर्जिनिन ब्युटिरेट शिरेतून दिल्यावर हे हिमोग्लोबिन वाढल्याचे १९९३ मध्ये दिसले. १९९५ च्या अधिक दिवसांच्या चाचणीत मात्र लाभ आढळला नाही. लेखांत पहिले वर्ष येते, दुसरे गळते.

सुरतेच्या पूर्वेकडील आदिवासी तालुक्यांत सिकलसेल घरोघरी ठाऊक आहे. तेथील रुग्णांसाठी सिद्ध झालेले औषध हायड्रॉक्सीयुरिया. त्या घरातला विद्यार्थी असा लेख वाचून गोळ्या सोडून तुपाकडे वळला, तर त्याला दोष कसा द्यावा?