आज्ञा आणि कारण : स्टॉइबेन ह्यांच्या कवायत-संहितेचे वाचन

अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या चर्चेत एका पत्राचा दाखला वारंवार दिला जातो. प्रशियाच्या सैन्यात घडलेल्या फ्रीडरिख फॉन स्टॉइबेन ह्यांनी एका युरोपीय परिचिताला असे कळविले, की तिकडच्या शिपायाला आज्ञा पुरते. इकडच्या शिपायाला मात्र आधी कारण सांगावे लागते. ब्रिटनच्या मुरलेल्या फौजेसमोर नवजात राष्ट्राने विवेकाने पटलेल्या नागरिकांची फौज उभी केली, असा निष्कर्ष ह्यावरून काढण्यात येतो. तो सोयीचा आहे. परंतु स्टॉइबेन ह्यांच्या मुख्य संहितेत त्याला कितपत आधार सापडतो?

ही संहिता आधी बोलली गेली, मग लिहिली गेली. फेब्रुवारी १७७८ मध्ये स्टॉइबेन व्हॅली फोर्जच्या छावणीत आले, तेव्हा रोगराईने सैन्य पोखरले होते आणि निरनिराळ्या पलटणींची कवायत निरनिराळी होती. त्यांना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी फ्रेंचमध्ये लिहावे, चिटणीस द्यू पाँसो ह्यांनी इंग्रजी करावे, सुमारे १०० निवडक शिपायांनी ते मैदानात गिरवावे व पुढे इतरांना शिकवावे, असा क्रम होता. ह्या पाठांना ग्रंथरूप मिळाले ते पुढील हिवाळ्यात. काँग्रेसने त्याला २९ मार्च १७७९ रोजी मान्यता दिली.

ग्रंथात दोन भाषा नांदतात. कवायतीच्या प्रकरणांत शिपायाचे शरीर पाय, हात, नजर असे सुटे होते. प्रत्येक हालचाल मोजून सांगितली जाते आणि कारण क्वचितच येते. अठराव्या शतकातील कवायतीत मिशेल फुको ह्यांनी आज्ञाधारक देहाची जी घडण दाखविली, तिचाच हा नमुना होय. अखेरच्या, हुद्द्यांनुसार केलेल्या सूचनांमध्ये मात्र सूर पालटतो. कॅप्टनने शिपायांची माया संपादावी, तक्रारी ऐकाव्यात, आजाऱ्यांची विचारपूस करावी, असे तेथे सांगितले आहे. शिपायाच्या वाट्याला येतात त्या नीटनेटकेपणा, शस्त्राची निगा आणि आज्ञापालन ह्या गोष्टी. युक्तिवादाची भाषा अधिकाऱ्याला उद्देशून आहे. शिपाई हा तिचा विषय आहे, श्रोता नव्हे.

म्हणून पत्रातील विधान खोटे ठरते काय? तसे म्हणणे घाईचे होईल. मन्मथ येथे २८ जून १७७८ रोजी ह्या सैन्याने ब्रिटिशांसमोर टिकाव धरला, तेव्हा ग्रंथ अस्तित्वातच नव्हता. जे काही कारण सांगितले गेले, ते मैदानात, दुभाष्याच्या तोंडून. छपाईत आज्ञा टिकली, कारण गळाले. त्या लढाईमागील तयारीचे श्रेय ह्या ग्रंथाला देणे म्हणजे कालक्रम उलटा करणे होय. आणि एका पत्राच्या बळावर संपूर्ण फौजेला विवेकनिष्ठ ठरविणे म्हणजे, राष्ट्र स्वतःविषयी जे सांगू इच्छिते, त्यालाच पुरावा मानणे होय.