कॅच कॅनमधलं तेल म्हणजे वाचलेलं तेल का?

सुपरचार्जर बसवलेल्या इंजिनावरचे विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट रिपोर्ट वाचा. एक फोटो हमखास दिसेल: उघडलेला कॅच कॅन, तळाशी तपकिरी द्रव, आणि खाली 'इतकं तेल वाचलं'. मला या वाक्यावरच आक्षेप आहे.

आधी कॅन कुठल्या होजवर होता ते विचारा. पिस्टन रिंगांतून निसटलेला वायू, म्हणजे ब्लो-बाय, क्रँककेसमध्ये उतरतो आणि तेलाचे बारीक थेंब घेऊन बाहेर पडतो. आयडलला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम त्याला पीसीव्ही व्हॉल्व्हमधून ओढतो. बूस्ट आला की मॅनिफोल्डमध्ये उलट दाब असतो. तेव्हा व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा आणि वायू ब्रीदर होजमधून सुपरचार्जरच्या आधीच्या इनटेकमध्ये जायला हवा. नेमकं याच वेळी ब्लो-बाय जास्त असतो. आता कॅन फक्त पीसीव्हीच्या होजवर असेल तर बूस्टमध्ये गेलेलं तेल त्याने पाहिलंच नाही! बऱ्याच रिपोर्टांत होजचा उल्लेखही नसतो.

शिवाय तो द्रव निव्वळ तेल नसतो. त्यात पाणी आणि न जळलेलं पेट्रोलही असतं.

मग डिपस्टिक बघायची? पेट्रोल तेलात मिसळलं तर तेल कमी होऊनही पातळी तीच दिसते. तेल काढून वजन करणं त्यापेक्षा बरं, पण त्यातही मी स्वतः फसलोय. पहिल्या सेमिनारला ४० ग्रॅमची 'बचत' मोठ्या ऐटीत दाखवली. गाईडनी एवढंच विचारलं, "गाडी न चालवता तेल काढून, भरून, परत काढलं तर किती फरक येतो?" करून पाहिलं. ६० ग्रॅम! थोडं तेल प्रत्येक वेळी इंजिनातच चिकटून राहतं, आणि किती ते तापमानावर आणि निथळायला दिलेल्या वेळेवर ठरतं. तुम्ही ही चाचणी पहिल्याच आठवड्यात करून टाका.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी मोजत नाही. कॅनमधली जाळी गच्च असेल तर वायूला अडथळा होतो, क्रँककेसमधला दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर झिरपायला लागतं. इनटेक स्वच्छ, फोटो झकास, आणि गाडीखाली डाग. त्यामुळे असा रिपोर्ट हातात आला की मी आधी क्रँककेसच्या दाबाचा आलेख शोधतो, कॅनसह आणि कॅनशिवाय, दोन्ही बूस्टमध्ये घेतलेले. तो नसेल तर फोटो बघत बसत नाही.