भुयारातली चूल

डंजन म्हणजे अद्भुतरम्य कथांमधले आणि खेळांमधले बहुमजली भुयार. जसजसे खाली उतरावे तसतसे राक्षस बलाढ्य होतात आणि खजिनाही वाढतो. या भुयारांच्या कथा एरवी लढाईच्या असतात. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र, मुख्यतः मांगांमध्ये, म्हणजे जपानी चित्रकथांमध्ये, त्यांची एक वेगळी शाखा चांगलीच फोफावली आहे. पात्रे काय खातात, कुठे झोपतात, पडलेल्या भिंतीची डागडुजी कोण करतो, हे प्रश्न तिथे कथेच्या मध्यभागी असतात. रोजच्या जगण्याच्या कथांना जपानीत ‘निचिजो-केई’ म्हणतात. ही शाखा म्हणजे त्या प्रकाराने भुयारात मांडलेला संसार.

या संसाराचे मूळ खेळांच्या नियमांत आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 1974 च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये तलवारींबरोबरच शिधा, मशाली आणि दोरखंड यांच्याही किमती दिलेल्या होत्या. 1980 च्या ‘रोग’ या संगणक-खेळात खेळाडू उपाशी राहिला की आधी अशक्त होई, मग त्याला भोवळ येई. 1987 च्या ‘डंजन मास्टर’मध्ये तर मारलेल्या राक्षसांचे मांसही खाता येई. अमेरिकेत 1981 साली आलेला ‘विझर्ड्री’ 1985 पासून जपानी संगणकांवर लोकप्रिय झाला आणि डंजनची कल्पना तिथल्या वाचकांच्या अंगवळणी पडली. थोडक्यात, भूक, थकवा आणि सामानाचे ओझे या गोष्टी डंजनमध्ये पहिल्यापासूनच होत्या, पण त्या आकड्यांच्या रूपात. नव्या कथांनी त्या आकड्यांमागचे जगणे उलगडून दाखवले.

या शाखेतली सर्वांत भरीव कृती म्हणजे र्‍योको कुई यांची ‘डंजन मेशी’. ‘मेशी’ म्हणजे भात, आणि त्यावरूनच जेवण. ही मालिका 2014 ते 2023 या काळात ‘हार्ता’ मासिकात आली आणि 14 खंडांत पूर्ण झाली. 2024 साली ट्रिगर स्टुडिओने तिचे ॲनिमे रूपांतर केले. साहसवीर लायोसच्या बहिणीला, फालिनला, लाल ड्रॅगन गिळतो. तिचे शरीर पचण्याआधी तिला सोडवायचे आहे, पण शिध्यासाठी पैसे उरलेले नाहीत. मग वाटेत भेटणारे राक्षसच शिजवून खायचे, असे ठरते.

कुई यांचे सामर्थ्य तपशिलात आहे. लायोस, चेटकीण मार्सिल आणि कुलपे-सापळ्यांचा जाणकार चिलचक यांना सेन्शी हा डंजनमध्येच राहणारा बुटका बल्लवाचार्य भेटतो. चालत्या मातीच्या पुतळ्यांचे, म्हणजे गोलेमांचे, त्याने भाजीचे मळे केले आहेत. पुतळ्याचा गाभा काढून ठेवायचा, पाठीवरच्या मातीतली भाजी उपटायची, नवे बी पेरायचे आणि गाभा परत बसवायचा. पुतळा आपली माती ओलसर ठेवतो आणि चोरांनाही पिटाळतो. तिसऱ्या मजल्यावरची शौचालयेही सेन्शीच साफ ठेवतो आणि तिथले सोनखत मळ्याला घालतो. उकळते तेल उडवणारा सापळा लागतो, तेव्हा चिलचकच्या मदतीने त्याच तेलात भजी तळली जातात. चालते चिलखत उघडले की आत शिंपल्यातल्या जिवांसारखा एक प्राणी निघतो, आणि तोही पातेल्यात जातो. कोणता राक्षस कुठे राहतो, काय खातो आणि त्याला कोण खाते, हे कळल्याशिवाय यातला एकही पदार्थ रांधता येत नाही. त्यामुळे स्वयंपाकाच्या निमित्ताने वाचकाला भुयाराची अख्खी अन्नसाखळी कळत जाते.

इतर कृतींनी रोजच्या व्यवहाराचे वेगवेगळे पदर धरले. फुजिनो ओमोरी यांच्या 2013 पासूनच्या कादंबरीमालिकेत, जी ‘डानमाची’ या नावाने ओळखली जाते, ओरारियो शहराचे अर्थकारणच डंजनवर चालते. राक्षसांच्या शरीरातले जादुई खडे विकून साहसवीर पोट भरतात, आणि अठराव्या मजल्यावर वसलेल्या गावात प्रत्येक वस्तू अव्वाच्या सव्वा भावाने विकली जाते. सुई फुतामी यांच्या ‘डंजन पीपल’मध्ये लढाईत भिंत फुटते आणि पलीकडे डंजन चालवणाऱ्या बेलची राहती खोली दिसते. लढणारी क्ले मग तिथेच नोकरीला लागते. पेटाऱ्यांत ऐवज भरणे, राक्षसांना कामावर घेणे हा तिचा दिनक्रम होतो. डंजन हा चालवायचा धंदा आहे, ही कल्पना जोआन स्फार आणि लुईस ट्रोंडहाइम यांच्या ‘डोंजों’ या फ्रेंच चित्रकथेने 1998 मध्येच रंगवली होती.

या कथांची ओढ का वाटते? पहिले कारण म्हणजे बंदिस्त जागा. भुयाराला मजले असतात, नियम असतात, आणि जे शिकले ते पुढच्या वळणावर उपयोगी पडते. दुसरे कारण कौशल्याचा मान. एरवी अशा कथांमध्ये नायकाचे बळ मोठे. इथे कुलूप उघडणारे बोट, मळा राखणारा हात आणि मीठ जपून वापरणारी नजर यांना तोच मान मिळतो. तिसरे आणि सर्वांत खोल कारण म्हणजे मृत्यूचे सान्निध्य. पुढच्या खोलीत जीव जाऊ शकतो हे ठाऊक असते, म्हणूनच आत्ताच्या वाडग्यातली ऊब वाचकालाही जाणवते.

यातच या शाखेच्या दुबळ्या जागाही दिसतात. धोका नुसता पडद्यावर रंगवल्यासारखा उरला की जेवणाची किंमत उतरते आणि प्रकरणे पाककृतींची यादी होऊन बसतात. रेन एगुची यांच्या ‘तोंदेमो स्किल’मध्ये नायकाला जादूने जपानी दुकानातला किराणा घरबसल्या मिळतो. ती कथा प्रसन्न आहे, पण मसाला बाहेरूनच येत असल्याने भोवतालचे जग समजून घेण्याची निकड तिच्यात कमी भासते. ‘डानमाची’तही दैनंदिन व्यवहार बव्हंशी दोन लढायांमधला विसावा म्हणून येतो.

‘डंजन मेशी’ या साऱ्यांहून वरचढ ठरते, कारण तिच्यात जेवण हा विसावाही आहे आणि विचारही. शेवटाकडे समोर येणारी आसुरी शक्ती माणसांच्या इच्छाच खाऊन जगते. त्यामुळे पहिल्या रस्स्यापासून चाललेला प्रश्न, जगण्यासाठी कोणी कोणाला खायचे आणि किती, कथेच्या गाभ्याशी येऊन भिडतो. भुयारातली चूल अशी कथानकालाच ऊब देते, तेव्हा हा प्रकार श्रेष्ठ साहित्याच्या पंक्तीला बसतो.