चौक आणि कायद्याची चौकट

वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि या कलेला कायद्याचे कवच लाभले, असे आपण मानू लागलो. अर्ज आदिवासी युवा सेवा संघाचा होता, ही त्यातली मोलाची बाब. परंतु संरक्षण आणि नियंत्रण या दोन गोष्टी एक नव्हेत. कायद्याने नेमके काय राखले, हे तपासले की हा फरक उघड होतो.

मानांकनाचा १९९९चा कायदा 'माला'साठी आहे : शेतमाल, हस्तकलेच्या वस्तू, कारखान्यातले उत्पादन. वारली लग्नातला देवचौक हा माल नव्हे. सवासिनी तो तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहितात, धवलेरी गाण्यांतून देवांना बोलावते, मधोमध पालघट देवी असते. तो कोणी आणि केव्हा लिहायचा, हे समाज ठरवतो. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने जिव्या सोमा म्हसे कागदावर चितारू लागले आणि विकाऊ चित्राची वाट चौकापासून वेगळी झाली. मानांकन त्या चित्राला लाभले. चौक उघडाच राहिला.

चित्राचे रक्षणही अपुरेच. मानांकन मुख्यतः नाव जपते. 'वारली' हा शब्द टाळून तीच माणसे, तोच तारपा चादरीवर छापणारा बराचसा मोकळा सुटतो. अधिकृत वापरकर्ता नोंदताना कायदा उत्पादक कोण हे पाहतो, जमात पाहत नाही. प्रताधिकाराला तर एक कर्ता लागतो आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी तो हक्क संपतो. पिढ्यान्‌पिढ्या लिहिल्या जाणाऱ्या चौकाचा एकच कर्ता कोठून आणायचा?

आदिवासींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००७च्या जाहीरनाम्यातले ३१वे कलम सांस्कृतिक वारशावरील 'नियंत्रणा'चा हक्क स्पष्टपणे मान्य करते. भारताने जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले. मात्र स्वातंत्र्याच्या वेळची सारी प्रजाच मूलनिवासी, अशी आपली अधिकृत भूमिका. मग हा हक्क मागायचा कोणी?

मानांकन टाकून द्यावे, असा याचा अर्थ नाही. बाजारातली फसवणूक रोखायला ते हवेच. पण एखादी गोष्ट बाजारात येऊच नये, असे ठरवण्याची मुभा ते देत नाही. चौकाची छपाई थांबवण्याचा अधिकार वारली समाजाला देणारे कलम जोवर कायद्यात नाही, तोवर या कवचाने राखली ती विक्री, वारसा नव्हे.