छाप आणि पीळ

आपल्या कविसंमेलनांत हल्ली एक प्रकार फार दिसतो. कवी उठतो, सूर्याला हाक मारतो, शहराला शिव्या घालतो, गोलपिठ्याच्या गल्लीतले चार शब्द फेकतो, टाळ्या घेतो आणि खाली बसतो. कवी असतो इंदोऱ्याचा, नाहीतर रामेश्वरीचा. कामाठीपुरा त्यानं डोळ्यानं पाहिलेला नसतो. घरी मायजवळ तो ‘मले भूक लागली’ म्हणतो आणि माईक हातात आला की मुंबईचा होतो. त्याचा राग खरा असतो, त्याबद्दल मला शंका नाही. पण तो दुसऱ्याच्या गळ्यातून येतो. म्हणून दहा कवी ऐकले तरी एकच ऐकल्यासारखा वाटतो.

आपले लोक ह्याला ‘शैली’ म्हणतात. बाजारात ह्याला ‘ब्रँड’ म्हणतात. साबणवाला, मसालेवाला, मोबाइलवाला, ज्याला त्याला आज स्वतःचा ‘वेगळा आवाज’ पाहिजे. आपल्या पोरांनीही ते उचललं. आता कवी आधी टोपणनाव ठरवतो, निळं पोस्टर काढतो, नावाखाली घोषवाक्य लावतो आणि मग कविता लिहायला बसतो. मी गिरणीत सूत कातणारा माणूस. शाळा लवकर सुटली, वाचन पाळी संपल्यावरचं. पण ह्या दोन गोष्टी एक नाहीत एवढं मला माझ्या कामानंच शिकवलं आहे.

कापडावर छाप असते. ती सगळ्यात शेवटी मारतात. पीळ त्याच्या कितीतरी आधी बसतो. कापूस पिंजून, विंचरून, त्याचा पेळू करून रिंग फ्रेमवर आणला तरी तोवर त्यात जोर नसतो, बोटानं ओढला की तुटतो. चाती फिरते, पीळ बसतो, तेव्हा त्या सुट्या तंतूंचं सूत होतं. पीळ कमी पडला तर धागा तुटतो, फार झाला तर स्वतःभोवतीच वेटाळतो. छाप पुसून दुसरी मारता येते, कापड तेच राहतं. पीळ उसकटला तर कापडच राहत नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं लोक हट्टी माणसाला टोमणा म्हणून म्हणतात. मला ती कवीची व्याख्या वाटते.

नुसत्या छापेचं काय होतं ते बघायला नागपूरकरानं लांब जायला नको. जमशेटजी टाटांची गिरणी इथं १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. कंपनीचं कागदावरचं नाव होतं सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. ते कोणाच्या तोंडी बसलं नाही, राणीचं बसलं. सव्वाशे वर्षं माणसं त्या नावाखाली राबली. २००२ मध्ये गिरणी कायमची बंद पडली. आज त्या जागेवर मॉल आहे आणि मॉलचं नाव एम्प्रेस सिटी! भोंगा गेला, साचे गेले, कामगार गेले, राणी राहिली. छाप माणसाशिवाय जगते, ती अशी. दलित कवितेचंही हेच होईल अशी मला भीती आहे. माणूस जाईल, पाटी राहील.

आता ‘गोलपिठ्या’कडं येऊ, कारण सगळे त्याच्याकडं बोट दाखवतात. संग्रह १९७२ चा. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची, आणि त्या मुरलेल्या लेखकालासुद्धा त्यातले कितीतरी शब्द अडले. ढसाळांनी ते शब्द पांढरपेशांना दचकवायला कुठून गोळा केले नव्हते. ते त्या वस्तीत वाढले, त्यांनी टॅक्सी चालवली, त्याच भाषेत ते जेवले आणि भांडले. शिवी त्यांच्याकडं दागिन्यासारखी येत नाही, ती पत्त्यासारखी येते. त्यामुळं इंदोऱ्याच्या कवीनं ती उचलली की पत्ता चुकतो.

त्याच वर्षी दलित पँथर निघाली. हे नाव उसनं. अमेरिकेत ओकलंडला १९६६ मध्ये निघालेल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. पण आतून जे बोललं गेलं ते गावकुसाबाहेरचं आणि मुंबईच्या चाळीचं होतं. म्हणजे छाप उसनी घेतली तर बिघडत नाही, पीळ उसना घेता येत नाही. आपली पोरं नेमकं उलटं करून राहिली आहेत. छाप स्वतःच्या नावाची आणि पीळ ढसाळांचा.

नागपूरच्याच दोन कवींचं पाहा. वामन निंबाळकरांची ‘गावकुसाबाहेरील कविता’ १९७३ ची, यशवंत मनोहरांचं ‘उत्थानगुंफा’ १९७७ चं. निंबाळकर बोलल्यासारखं, साध्या शब्दांत, घाई न करता लिहितात. मनोहरांची ओळ प्रतिमांनी भरलेली, जड पावलांची. चळवळ तीच, शहर तेच, बाप तोच, भीमराव. तरी मुखपृष्ठं फाडून दोन्ही पुस्तकं समोर ठेवली तर कुठलं कोणाचं ते आपण सांगू. दोघांनीही ढसाळ व्हायचा प्रयत्न केला नाही, म्हणून ते उरले.

कोणी म्हणेल, आवाज एकट्याचा कशाला पाहिजे? चळवळीला एकच आवाज पाहिजे. मुद्दा खरा आहे. ‘जयभीम’ हा शब्द रुजवण्याचं श्रेय आपण कामठीच्या बाबू हरदासांना देतो. आज तो कोणा एकाचा नाही आणि कोणा एकाचा असूही नये. घोषणा सगळ्यांची असते. पण कामठीचा म्हातारा जयभीम म्हणतो आणि कॉलेजची पोरगी म्हणते, तेव्हा शब्द एक आणि गळे दोन असतात. अंधारातही आपण ओळखतो, कोण आलं. कवितेत मला तो गळा पाहिजे.

नाव आणि आवाज ह्यांची सांगड कशी घालावी ते बाबासाहेबांच्या पत्रांत दिसतं. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघाला तेव्हा पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’नं त्याची जाहिरात छापली नाही. मग ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’, १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. चार नावं एका ओळीत वाचा. मुका, बहिष्कृत, जनता, प्रबुद्ध. बाजार माल तोच ठेवून नाव बदलतो. इथं माणसं बदलत गेली आणि नाव त्यांच्या मागून आलं. ‘मूकनायक’च्या माथ्यावर तुकोबांचा अभंग होता, ‘बहिष्कृत भारत’च्या माथ्यावर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. खालचे अग्रलेख मात्र त्या काळी दुसरा कोणी लिहू शकला नसता.

धंद्यात पीळ नसतोच असंही मी म्हणत नाही. आपल्याकडचं सावजी जेवण बघा. कोष्टी विणकरांच्या घरातलं ते जेवण, त्याची पाटी आज कोणीही लावतो. पण पहिला घास घेतला की जीभ सांगते, मसाला घरी कुटला का पुडीतून आणला. मुंबईत सुधीर राजभर यांनी ‘चमार स्टुडिओ’ काढला. जो शब्द शिवी म्हणून तोंडावर मारला जायचा तोच त्यांनी पिशवीवर नाव म्हणून लावला. तिथं नाव आणि हात एकाच जागचे आहेत, म्हणून ते नाव बोलतं. उद्या एखादी बडी कंपनी १४ एप्रिलला निळ्या रंगाची जाहिरात देईल, तिच्या आणि ह्याच्यात फरक कोणता, ते आपल्याला ओळखता आलं पाहिजे.

आता तोंडाबद्दल. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी अस्पृश्यांना विणाई खात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या कामावर, घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपलं तोंड लागलं की धागा बाटे! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. आज तो धोटा नाही, पण आपल्या तोंडाची ती भीती गेली असं मला वाटत नाही. एका मासिकाच्या संपादकांनी माझी कविता छापली, पण ‘मले’चं ‘मला’ केलं आणि ‘काऊन’चं ‘का’. पत्रात लिहिलं, बोलीमुळे गांभीर्य जातं. टीव्हीवर वऱ्हाडी-नागपुरी बोलणारा माणूस आला की तो हसवायलाच आलेला असतो. आपल्या भाषेवर ही छाप दुसऱ्यांनी मारली आहे, आणि आपले कवी तिला घाबरून एकतर पुण्याचं बोलतात, नाहीतर मुंबईची शिवी देतात. नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मध्ये (२०२२) नागपूरच्या वस्तीतली पोरं आपल्या खिचडी हिंदीत बोलतात. त्यात भांडण आहे, भीती आहे, माया आहे. ती भाषा नुसती हसवायला ठेवलेली नाही. सिनेमाला जमलं ते कवितेला काऊन नाही जमत?

दोस्तहो, वेगळा आवाज शोधायला निघू नका. शोधून सापडते ती छाप. ज्या कामानं हात सोलले त्या कामाचे शब्द लिहा. चाती, पेळू, पाळी, भोंगा, विटेचा साचा, रिक्षाचं हँडल, हॉस्पिटलातला मॉप. ज्या बोलीत माय रागावते त्या बोलीत राग लिहा. मग कविता आपल्या पाळीतल्या माणसाला वाचून दाखवा. ‘हे कोणाचं आहे?’ असं त्यानं विचारलं तर ती फाडा. तो म्हणाला, ‘अबे, हे तर तूच बोलून राहिला,’ तर ठेवा. नाव त्याखाली मग कोणतंही टाका, नाहीतर टाकूच नका.