माउंट व्हर्ननची सेवा : एक परीक्षण

थोर पुरुषाचे घर त्याच्या पश्चात कोणी राखावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. वंशजांची ऐपत उरत नाही, सरकारला निकड वाटत नाही आणि लोकांचा आदर पुष्कळदा जयंतीच्या दिवसापुरताच असतो. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या व्हर्जिनियातील माउंट व्हर्नन या घरावरही हीच पाळी आली होती. त्या घराला अखेर आधार दिला तो स्वेच्छेने व विनावेतन काम करणाऱ्या स्त्रियांच्या एका संस्थेने, आणि आजही ते घर त्याच संस्थेच्या मालकीचे आहे. उत्सवाची वर्गणी, पालखीची व्यवस्था आणि पंगतीचे वाढप यांत ज्यांची हयात गेली, अशा आपल्या वाचकांस या संस्थेच्या कारभारात ओळखीचे बरेच काही आढळेल. म्हणूनच त्या कारभाराचे गुण आणि त्यातील उणीव या दोहोंचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम घराविषयी. पोटोमॅक नदीच्या काठी एका उंचवट्यावर ते उभे आहे. नदीकडील अंगास दोन मजल्यांइतकी उंच ओसरी असून तिला आठ चौकोनी खांब आहेत. बाहेरून पाहणाऱ्यास हे घर दगडी वाटते. वस्तुतः ते लाकडाचे आहे. पाइनच्या फळ्यांच्या कडा तासून त्यांना चिऱ्यांचा आकार दिला आणि ओल्या रंगावर वाळू मारून दगडाचा भास निर्माण केला. मधल्या दालनात पॅरिसच्या बास्तीय तुरुंगाची किल्ली टांगलेली आहे. लाफायेत यांनी ती १७९० साली वॉशिंग्टन यांस भेट म्हणून धाडली. स्वातंत्र्याचे असे चिन्ह भिंतीवर मिरविणाऱ्या घराचा सारा व्यवहार मात्र गुलामांच्या श्रमावर चालत होता. ही विसंगती ध्यानात ठेवूनच पुढील वृत्तांत वाचावा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे घर वॉशिंग्टन यांच्या भावाचा पणतू जॉन ऑगस्टीन वॉशिंग्टन याच्या ताब्यात होते आणि त्याची पडझड चालू होती. मध्यवर्ती सरकार व व्हर्जिनिया राज्य या दोघांनीही ते घेतले नाही. १८५३ साली दक्षिण कॅरोलायनातील एका गृहिणीने आगबोटीतून जाताना त्याची दुर्दशा पाहिली आणि आपल्या कन्येस पत्राने कळविली. ही कन्या म्हणजे अ‍ॅन पामेला कनिंगहॅम. घोड्यावरून पडून जायबंदी झालेल्या या बाईने स्त्रियांना उद्देशून वृत्तपत्रात आवाहन प्रसिद्ध केले आणि त्यातून माउंट व्हर्नन लेडीज असोसिएशन ही संस्था उभी राहिली. राज्याराज्यांतून स्त्रियांनी वर्गणी गोळा केली. एडवर्ड एव्हरेट या नामांकित वक्त्याने गावोगाव व्याख्याने देऊन सुमारे ६९ हजार डॉलर मिळवून दिले. एप्रिल १८५८ मध्ये घर व भोवतालची २०० एकर जमीन २ लाख डॉलरांस घेण्याचा करार झाला आणि २२ फेब्रुवारी १८६० रोजी, म्हणजे वॉशिंग्टन यांच्या जन्मदिनी, संस्थेने ताबा घेतला. पुढील वर्षी यादवी युद्ध पेटले. घर दोन्ही पक्षांच्या सीमेवर होते. संस्थेची चिटणीस सारा ट्रेसी त्या काळात तेथेच राहिली आणि येणाऱ्या सैनिकांनी, ते कोणत्याही बाजूचे असोत, शस्त्रे बाहेर ठेवूनच आत यावे असा शिरस्ता तिने पाळला.

अमेरिकन स्त्रीला देशभर मताधिकार मिळाला तो १९२० साली. त्याच्या साठ वर्षे आधी या स्त्रियांनी राष्ट्रीय महत्त्वाची वास्तू विकत घेऊन ती चालवून दाखविली, हे लहानसहान कर्तृत्व नव्हे. संस्थेच्या प्रमुखास रीजंट व राज्यांच्या प्रतिनिधींस व्हाइस रीजंट म्हणतात. त्यांपैकी कोणी वेतन घेत नाही. सरकारी पैसाही संस्था घेत नाही. घरात बदल होऊ देऊ नका, असा उपदेश करून कनिंगहॅमबाई १८७४ साली निवृत्त झाल्या, आणि तो उपदेश संस्थेने इतक्या कसोशीने पाळला की नदीपलीकडचे दृश्यदेखील तिने आपल्या राखणीत घेतले. १९५५ साली समोरच्या मेरीलँडच्या काठावर तेलाच्या टाक्या उभ्या राहण्याचा धोका दिसताच, ओहायोच्या व्हाइस रीजंट फ्रान्सेस बोल्टन यांनी तेथील जमीन स्वतःच्या पैशाने घेतली. त्या प्रयत्नांतूनच १९६१ साली तेथे पिस्कॅटवे उद्यानाची स्थापना झाली. वास्तू राखणे म्हणजे केवळ भिंती राखणे नव्हे, ही समज आपल्याकडील वाडे व तळी यांच्या विश्वस्तांनी अवश्य घ्यावी.

उत्सवांच्या बाबतीतही संस्थेची दृष्टी जागी आहे. फेब्रुवारीत जन्मदिन साजरा होतो. ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनी, देशोदेशींहून आलेले लोक याच आवारात अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतात. नाताळात अंगणात उंट आणतात. १७८७ च्या नाताळात वॉशिंग्टन यांनी १८ शिलिंग देऊन पाहुण्यांसाठी उंट आणविल्याची नोंद आहे, तिचा हा आधार. नौदलाचे जहाज नदीतून जाताना येथे घंटा वाजवून मानवंदना देते. यांपैकी उंट ही निव्वळ करमणूक होय आणि तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. जत्रेत पाळणा असतोच. परंतु शपथविधीचे मोल निराळे. ज्यांच्या पूर्वजांचा या घराशी काहीही संबंध नव्हता, त्यांना ते घर त्या दिवशी आपले म्हणवून घेते. ज्या उत्सवाने घराचे दार नव्या माणसासाठी उघडते, तो उत्सव या वास्तूस अधिक शोभतो.

आता उणिवेकडे वळू. १७९९ साली या मळ्यावर, त्याच्या पाच शेतवाड्या मिळून, ३१७ गुलाम होते. त्यांपैकी १२३ वॉशिंग्टन यांच्या मालकीचे, १५३ पत्नी मार्था यांच्या पहिल्या पतीच्या मिळकतीतील आणि बाकीचे भाड्याने घेतलेले. वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रान्वये स्वतःच्या गुलामांस मुक्ती दिली आणि मार्थाबाईंनी ती १ जानेवारी १८०१ रोजी अमलात आणली. परंतु त्या १५३ जणांच्या नशिबी ती नव्हती. बाईंच्या मृत्यूनंतर ते नातवंडांत वाटले गेले. एकाच घरात कोणी मुक्त आणि कोणी बद्ध, अशी कुटुंबे फुटली. वॉशिंग्टन यांचा नावाजलेला आचारी हर्क्युलिस याने मृत्युपत्राची वाट पाहिली नव्हती. तो २२ फेब्रुवारी १७९७ रोजी, म्हणजे धन्याच्या वाढदिवसालाच, माउंट व्हर्ननहून पळाला. ज्या तिथीला संस्थेने पुढे घराचा ताबा घेतला ती हीच. या तिथीचा उत्सव करणाऱ्याने तिच्या दोन्ही अर्थांची आठवण ठेविली पाहिजे.

संस्थेने ती आठवण कितपत ठेविली? १९२९ साली तिने गुलामांच्या दफनभूमीवर एक शिळा बसविली. त्या काळाच्या मानाने हे पाऊल पुढचे होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु शिळेवरील मजकुरात त्या माणसांस गुलाम म्हटलेले नाही. वॉशिंग्टन कुटुंबाचे एकनिष्ठ सेवक असे म्हटले आहे. माझा मुख्य आक्षेप या एका शब्दावर आहे. सेवक तो, ज्याला सेवा नाकारता येते. ज्याला विकता येते आणि वारसांत वाटता येते, त्याच्या श्रमास सेवा म्हणणे म्हणजे पाइनच्या फळीवर वाळू मारून तिला दगड म्हणणे होय. शिळा बसविणाऱ्या स्त्रिया स्वतः खऱ्याखुऱ्या स्वयंसेविका होत्या. आपल्या निष्ठेला त्यांनी जे नाव दिले, तेच नाव दुसऱ्यांच्या सक्तीलाही देऊन टाकले. त्यात दुष्टावा नसेल. पण सद्हेतूच्या पांघरुणाखाली सत्य झाकले गेले, हे खरेच.

पुढे ती जागाही झाडोऱ्याने भरून गेली. १९८२ साली एका वृत्तपत्रातील लेखाने या दुर्लक्षाकडे बोट दाखविले, तेव्हा हालचाल झाली. हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी रेखिलेले स्मारक १९८३ साली तेथे उभे राहिले. मधोमध अर्धवट तोडल्यासारखा ग्रॅनाइटचा खांब आणि भोवती श्रद्धा, आशा व प्रेम या अर्थाचे शब्द कोरलेल्या तीन वर्तुळाकार पायऱ्या, अशी त्याची रचना. खांब अकाली खुडलेल्या आयुष्याचे प्रतीक आहे. वर्षातून एकदा तेथे पुष्पचक्र वाहण्याचा समारंभ होतो. २०१६ साली गुलामांच्या जीवनावर एक मोठे प्रदर्शनही आवारातील संग्रहालयाने भरविले. ही दुरुस्ती मनापासूनची आहे. परंतु पहिला टोचा बाहेरून बसावा लागला, ही नोंदही राहिली पाहिजे.

माझ्या मते या घराची सर्वांत श्रेष्ठ सेवा आज घडते ती जमिनीलगत. २०१४ सालापासून दफनभूमीचे सर्वेक्षण सुरू झाले आणि त्यात स्वयंसेवकांनी हात लावला. अस्थींना धक्का न लावता वरचा मातीचा थर अलगद काढावयाचा, मातीच्या रंगातील फरकावरून थडग्याची आकृती ओळखावयाची आणि ती टिपून माती पुन्हा लोटून द्यावयाची, असे ते काम. गुलामांच्या राहत्या घराच्या तळघरातून निघालेले खापरांचे तुकडे, माशांची हाडे व चिलमी यांवरून त्यांचा दिनक्रम कळू लागला. २०२४ साली खुद्द हवेलीच्या तळघरात अठराव्या शतकातील ३५ काचेच्या बाटल्या सापडल्या. त्यांतील २९ मध्ये चेरी व इतर फळे टिकून होती. धन्याच्या ताटासाठी ती फळे तोडणारे व भरणारे हात बहुधा गुलामांचेच असावेत. गाळणीवर ओणवून माती चाळणाऱ्या स्वयंसेवकास मिरवणूक नाही, हारतुरे नाहीत. पण १९२९ च्या शिळेने जे झाकले, ते हा माणूस चिमूटचिमूट करून उघडे करीत आहे.

तथापि एक प्रश्न उरतोच. विनावेतन काम तोच करू शकतो, ज्याच्या घरी चूल पेटण्याची चिंता नाही. सवड असलेल्यांची सेवा सवड असलेल्यांचाच इतिहास जपते, असा धोका प्रत्येक स्वयंसेवी संस्थेस असतो. माउंट व्हर्ननच्या गुलामांस आठवड्यातून सवड मिळे ती रविवारची. त्यांच्या वंशजांस आमंत्रण देऊन, त्यांच्या शब्दाला वजन देऊन हा धोका टाळता येतो. समारंभाच्या दिवशी त्यांस पाचारण करणे पुरेसे नाही; काय जपावे हे ठरविणाऱ्या बैठकीत त्यांस जागा हवी.

दूरच्या घराचा हा हिशेब मांडताना आपल्या घराची वही मिटून ठेवणे बरे दिसणार नाही. दास्य आणि देवळातील वंशपरंपरागत चाकरी एक नव्हेत. त्यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु गोमंतकातील देवस्थानांत महाजनांच्या नोंदवह्या झाल्या आणि देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली गेली. दिवे लावणाऱ्या भाविणी, देवळी आणि देवापुढे गाणाऱ्या कलावंतिणी यांची नावे कोठे आहेत? त्यांची चाकरी जन्माने ठरत होती, इच्छेने नव्हे. केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका ज्या समाजातून आल्या, त्यातील शेकडो स्त्रिया निनावी गेल्या. त्यांच्या कष्टासही आपण सरसकट सेवा हाच शब्द वापरीत आलो आहोत. ज्या देवस्थानाच्या समितीस वार्षिक अहवाल छापण्याची ऐपत आहे, तिने त्यात चार पाने या नावांसाठी राखावीत. वृद्ध माणसे अजून हयात आहेत, त्यांस विचारावे आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. माउंट व्हर्ननच्या दफनभूमीत थडग्यांच्या आकृती सापडत आहेत, पण कोणत्या थडग्यात कोण निजले आहे हे सांगणारे तेथे कोणी उरलेले नाही. आपल्याकडे ती वेळ अजून पुरती आलेली नाही.