‘क्षार’ या शब्दाची व्याप्ती आणि पटलावरील पुट

सांडपाण्याच्या पुनर्वापरासंबंधीच्या मराठी लेखनात ‘पटलावर क्षार साचतात’ अशा धर्तीची वाक्यरचना वारंवार आढळते. ती सुबोध असली तरी शास्त्रीय विवेचनास अपुरी आहे. आयुर्वेदात ‘क्षार’ म्हणजे वनस्पतींच्या राखेपासून काढलेला दाहक पदार्थ. हिंदी परिभाषेत तो आम्लाचा प्रतियोगी. मराठी पाठ्यपुस्तकांत मात्र आम्ल व आम्लारी यांच्या संयोगाने होणारा पदार्थ. त्यातच पाण्यात विरघळलेले द्रव्य आणि पटलावर बसलेला कठीण थर या दोहोंसही हाच शब्द योजला, म्हणजे कारण व परिणाम यांतील भेद पुसला जातो.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीचा भूजल-पुनर्भरण प्रकल्प २००८ साली सुरू झाला. २०२३ च्या विस्तारानंतर त्याची क्षमता दिवसाला सुमारे ४९ कोटी लिटर झाली. तेथे व्यस्त परासरणाच्या पटलांतून सुमारे ८५ टक्के पाणी पार जाते. उरलेल्या १५ टक्क्यांत बहुतेक सारी विरघळलेली द्रव्ये एकवटतात, म्हणजेच त्यांची संहती साडेसहापटींहून अधिक होते. संपृक्ततेची मर्यादा ओलांडली, की स्फटिक बनू लागतात. म्हणून पाण्यात आधीच सल्फ्युरिक आम्ल व पुटरोधक द्रव्य मिसळावे लागते.

आम्लामुळे कॅल्शियम कार्बोनेट आणि सांडपाण्यात विशेष संभवणारे कॅल्शियम फॉस्फेट विरघळलेले राहते. कॅल्शियम सल्फेटावर आम्लाचा फारसा परिणाम होत नाही. उलट सल्फ्युरिक आम्लाने सल्फेटात भरच पडते. सिलिका तर रसायनशास्त्राच्या दृष्टीने क्षारच नव्हे. पुटरोधक द्रव्य क्षार नाहीसा करीत नाही; ते स्फटिकांची वाढ लांबविते, आणि तेवढ्या अवधीत पाणी पुढे निघून जाते. या चौघांना एकच नाव दिल्याने एकच उपाय सर्वांवर चालतो, असा ग्रह होतो.

लोकव्यवहारातील शब्द टाकू नये, हा आक्षेप रास्त आहे. परंतु घरच्या भांड्याला बसणारा ‘क्षार’ बहुधा कार्बोनेटच असतो. तो लिंबाच्या रसाने निघतो, आणि हाच अनुभव पटलाच्या बाबतीत दिशाभूल करतो. यास्तव विरघळलेल्या द्रव्यास ‘क्षार’ व बसलेल्या थरास ‘पुट’ म्हणावे, आणि पुटाबरोबर खनिजाचाही उल्लेख करावा: कार्बोनेट-पुट, सल्फेट-पुट, सिलिका-पुट. ‘पुट’ हा शब्द मराठीत रूढ आहेच. त्याचा काटेकोर उपयोग तेवढा व्हावयास हवा.